वीसपैकी सतरा

"गोल वस्तू घरंगळवून बघतात ते हितंच ना?"

आग्नेल कपाटातल्या वजनांवरची धूळ पुसत होता. त्याने वळून पाहिले. प्रयोगशाळेच्या दाराशी पन्नाशीचा एक माणूस उभा होता. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि खिशावरचे नाव उसवून काढल्यासारखे दोरे लोंबत होते.

"कोण हवंय तुम्हाला?"

"आग्नेल सर."

"मी आग्नेल. सर नाही. मी सामान काढून देतो आणि परत जागेवर ठेवतो."

"माजी पोरगी संजना दहा सालांमागं हितं बारावीला व्हती. ती बोलली, घरंगळन्याचं त्यांनाच इचार." माणूस आत आला, पण बसला नाही. "मी बळीराम. जूचंद्रचा."

आग्नेलला संजना आठवत नव्हती. माणिकपूरच्या या कॉलेजात तो तेहेतीस वर्षे फिजिक्सच्या लॅबमध्ये होता. गिरीजहून सायकलने यायचे, साडेसातला कुलूप काढायचे, टेबले पुसायची, तारा मोजून ठेवायच्या. बारावीला त्याला स्वतःला गणितात ब्याण्णव मार्क होते. त्याच वर्षी बापाचे अर्धे अंग लुळे पडले, केळीची वाडी कोणीतरी बघायला हवी होती, आणि इंजिनिअरिंगचा फॉर्म कपाटात तसाच राहिला. पुढे फादरांनी शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली. पुढच्या मे महिन्यात ती संपणार होती.

"घरंगळण्याचं काय विचारायचंय?"

 बळीराम एकदम बोलायला लागला. कामण रोडला पाइपांचा यार्ड आहे, तिथे तो बारा वर्षे थप्प्या लावतो. पाण्याच्या योजनेचे मोठमोठे लोखंडी पाइप. यार्डाची जमीन जरा उतरती आहे. फेब्रुवारीत वरच्या थप्पीखालची फळी पिचली आणि एक पाइप सुटला. बळीराम मध्ये होता. खाली त्याचा मेव्हणा कल्पेश भिंतीजवळ बसून ग्राइंडर चालवत होता.

"मी बाजूला झालो," बळीराम म्हणाला. "पाइप माज्यासमोरून गेला. मी वरडलो. ग्राइंडरच्या आवाजात त्याला आयकू नाय गेलं."

आग्नेलच्या हातात पुसायचे फडके तसेच राहिले.

"तो जोरात नव्हता येत, सर. मानूस चालतो ना, तसा. सावकाश. मला वाटलं थांबंल. आता समदे बोलतात, बळीराम, तुजा काय दोष नाय. साहेब बोलला, पोलीस बोलला, बायको बोलते. कोनी बघितलं नाय नि समदे बोलतात." तो थांबला. "मला हिशोब पायजे. तो थांबला असता का नसता."

आग्नेलने त्याला स्टूल दिले. पाणी दिले. मग जे हाताला सवयीचे होते ते केले. कपाटाच्या खालच्या खणातून सागाची फळी काढली, तिचे एक टोक उचलून लावले, आणि डबीतून दोन वस्तू काढल्या: एक पितळेचा भरीव गोळा आणि एक लोखंडी कडे. फळी त्याने स्वतः रंधून केली होती, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. पूर्वी धडा शिकवताना प्राध्यापक ती वर्गात मागवायचे. आता कोणी मागवत नव्हते.

"दोन्हींचं वजन सारखं आहे. बघा."

दोन्ही एकाच वेळी सोडले. गोळा आधी खाली गेला. कडे मागून, रमतगमत.

"हे पोकळ आहे. ह्याचं सगळं वजन कडेला. त्यामुळे उतारावर जी ताकद मिळते तिच्यातली अर्धी पुढे जाण्यात खर्च होते आणि अर्धी नुसती फिरण्यात. म्हणून सावकाश येतं. पण खाली पोचल्यावर ताकद दोघांकडे सारखीच असते. कड्याची अर्धी ताकद डोळ्याला दिसत नाही, इतकंच."

बळीराम कड्याकडे बघत राहिला. "पाइप पोकळच व्हता."

"म्हणून तर तो सावकाश वाटला."

"म्हंजी मी फसलो?"

"कोणीही फसेल."

बळीरामने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "हे समजावनं झालं, सर. मला हिशोब पायजे."

*

रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर आग्नेलने बायकोला, मार्गारेटला सांगितले की जेवायला उशीर होईल. "कुठे निघालास?" तिने विचारले. तो म्हणाला, "एक माप घ्यायचंय." तिने पुढे विचारले नाही. तेहेतीस वर्षांत त्याने रविवारी माप घेतल्याचे तिने कधी पाहिले नव्हते.

यार्डाचा वॉचमन बळीरामच्या ओळखीचा होता. त्याने फाटक उघडले आणि तोंड फिरवून बसला. आग्नेलने पाइपाचा व्यास मोजला, साठ सेंटीमीटर. जाडी मोजली, लांबी मोजली. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली होती, तिने उतार काढला: वीस फुटांना एक फूट. डोळ्यांनी पाहिले तर जमीन सपाटच वाटत होती.

"तू कुठे होतास?"

बळीराम न शोधता एका जागी जाऊन उभा राहिला. थप्पीपासून तीन मीटर. पाइपाचे एक टोक गेले ती ही जागा. तिथून भिंत आठ मीटर. भिंतीच्या एका भागाला नवा चुना लावला होता. आग्नेलने टेप तिथपर्यंत नेला नाही, पावले टाकून अंदाज घेतला. वहीत आकडे लिहिताना पेन दोनदा अडकले.

वजन जवळजवळ नऊशे किलो निघाले. सुटल्यापासून बळीरामपर्यंत पोचायला पाच सेकंद. तिथून भिंतीपर्यंत साडेचार.

"हातानं अडवला असता तर?" बळीरामने विचारले.

आग्नेलने वहीतच आकडेमोड केली. "पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं साडेआठ फुटांवरून छातीवर घेतल्यासारखं झालं असतं. तू आडवा झाला असतास आणि पाइप वरून गेला असता. हाताने नाही. कोणालाच नाही."

बळीरामने श्वास सोडला. आग्नेललाही हलके वाटले. झाले, त्याला वाटले, माणसाला उत्तर मिळाले. त्याने टेप गुंडाळायला घेतला.

"नि ठोकळा घातला असता तर?"

"कसला ठोकळा?"

बळीरामने बोट दाखवले. थप्पीच्या कडेला लाकडी ठोकळे पडले होते, चौकोनी, सहा इंच उंच. पाइपांखाली अडसर म्हणून लावायचे ते. पूर्वी यार्डात चाळीस होते, आता नऊ-दहा उरलेले. बाकीचे कोणी नेले, कुठे गेले, कंपनीत कोणी विचारले नव्हते.

"माज्याजवळ व्हता एक."

"किती जवळ?"

बळीरामने खाली पाहिले. "मी त्याच्यावर बसलो व्हतो, सर."

*

सोमवारी फिजिक्स शिकवणारी सँड्रा मिस लॅबमध्ये आली. ती तरुण होती, मनमिळाऊ होती, आणि कायम घाईत असायची.

"अंकल, जर्नलची रीडिंग्ज काढलीत का? पोरं क्लासमधून डायरेक्ट सबमिशनलाच येणार."

"देतो."

हे आग्नेलचे दुसरे काम होते, कोणत्याही कागदावर नसलेले. मुले दिवसभर क्लासला असायची, लॅबमध्ये यायचीच नाहीत. प्रयोगांचे आकडे मात्र वहीत हवेत. आठ-नऊ वर्षांपासून ते आग्नेल तयार करायचा. त्यात त्याचा हात बसला होता. खोटे आकडे खरे दिसावेत म्हणून त्यांत थोडी चूक पेरावी लागते. सगळी उत्तरे बरोबर आली की परीक्षकाला संशय येतो. कुठे एक दशांश वर, कुठे खाली. प्रत्येक तुकडीला वेगळी चूक. पहिल्या वर्षी हे करताना त्याला रात्रभर कसेतरी झाले होते. नंतर होईनासे झाले.

त्याने मिसला बळीरामचे सगळे सांगितले. ठोकळ्याचेही. ती स्टुलावर बसली.

"तुम्ही काय सांगणार आहात?"

"करून बघावं लागेल. यार्डातला ठोकळा, टोकाला लावलेला, पाइप वळणार, घसरणार. नुसत्या कागदावर नाही सांगता येणार."

"करू नका ना, अंकल. सांगून टाका, ठोकळ्याने काही झालं नसतं. तो बिचारा झोपेल तरी." ती उठली. तिच्या मनात काही वाईट नव्हते. "एवढ्या पोरांसाठी आकडे बनवता. एक त्याच्यासाठी बनवा."

ती गेल्यावर आग्नेल तसाच उभा राहिला. तिने जे सहज म्हटले ते या आठ-नऊ वर्षांत कोणी त्याला तोंडावर म्हटले नव्हते.

बुधवारी दुपारी बळीराम आला. आग्नेलने दोन इंची लोखंडी नळीचा तुकडा कापून आणला होता. बाहेरून व्यास सहा सेंटीमीटर, लांबी साठ. यार्डातल्या पाइपाचा बरोबर दहावा भाग. लॅबच्या टेबलाचे दोन पाय उचलायचे होते, तेवढाच उतार यायला. उंचीला नेमके बसेल असे दुसरे काही मिळेना, म्हणून त्याने जुनी जर्नले पायांखाली घातली. टेबल डुगडुगले नाही.

"सगळं दहापट लहान केलंय," तो म्हणाला. "उतार तोच. हा लहान पाइप जे करेल तेच मोठ्याने केलं असतं. वेळ तेवढा कमी लागेल."

खाली, भिंतीच्या जागी, त्याने एक खडू उभा केला. का ते त्याने सांगितले नाही. बळीरामनेही विचारले नाही.

आधी ठोकळा न लावता पाच वेळा. पाचही वेळा नळी संथपणे गेली आणि खडू पडला. पाचही वेळा बळीरामने तो उचलून पुन्हा उभा केला, त्याच जागी, बोटांनी सरळ करून.

मग आग्नेलने दीड सेंटीमीटरचा लाकडी तुकडा घेतला. खाली पॉलिश पेपर चिकटवला होता, जमिनीसारखा धरून राहावा म्हणून. तो नळीच्या एका टोकासमोर ठेवला, बळीराम जिथे उभा होता तिथे.

"वीसदा करू," तो म्हणाला. "एकदा-दोनदा करून काही कळत नाही."

पहिल्या खेपेला नळीचे टोक ठोकळ्याला लागले, थरथरले आणि थांबले. दुसरे टोक अर्धवट वळले आणि नळी तिरकी होऊन जागीच पडून राहिली. खडू उभा होता.

आग्नेलने वहीत लिहिले. दुसऱ्या खेपेलाही खडू उभा. तिसऱ्यालाही. बळीरामचा चेहरा त्याला बघवेना, म्हणून तो फक्त नळीकडे बघत राहिला. सहाव्या खेपेला ठोकळा सरकला, नळी पुढे गेली आणि खडू पडला. आग्नेलच्या मनात काहीतरी उसळले, आनंदासारखे, आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. अकराव्याला पुन्हा पडला. सोळाव्याला पुन्हा.

वीस झाले. वहीत दोन रकाने होते. पेन हातात होते. ठोकळा आठ-नऊ वेळाच टिकला असे लिहिता आले असते; बळीराम मोजत नव्हता, पाचव्या-सहाव्या खेपेनंतर तो नुसता खडूकडे बघत उभा होता. कुठे चूक पेरायची, किती पेरायची, हे आग्नेलइतके पालघर जिल्ह्यात कोणाला माहीत असेल? त्याचे पेन कागदावर टेकले. टेकल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"किती?" बळीरामने विचारले.

"वीसपैकी सतरा वेळा थांबला."

बाहेर मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवत होते. बळीरामने खडू टेबलावर आडवा ठेवला, घरंगळू नये म्हणून वहीला टेकवून.

"पण ऐक," आग्नेल घाईने म्हणाला. "पाच सेकंद होते. त्यात बघायचं, उठायचं, ठोकळा उचलायचा, लावायचा. तो सावकाश येत होता म्हणून तुला कळलंच नाही की…"

"कळलं नाय. खरं हाय." बळीराम मध्येच म्हणाला. "पन उठलो तर व्हतो ना, सर. उठलो, नि ठोकळा तितंच ठेवला." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले. रडत नव्हता. "सात महिने समदे माज्याशी गोड बोलतात. कोनाचं तोंड बघवत नाय मला. तुमी एकले खरं बोललात."

आग्नेलला वाटले, खरे बोलून आपण या माणसाचे काय केले? बळीराम मात्र पहिल्यांदाच स्टुलावर नीट, भिंतीला पाठ टेकवून बसला होता.

"माज्याबरोबर मनवेलपाड्याला याल?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "यमुनाकडं. भैन माजी. मला आकडे सांगाला नाय जमनार."

*

शनिवारी ते विरारला गेले. मनवेलपाड्यातल्या एका चाळीत यमुनाची खोली होती, खालच्या मजल्यावर, शेवटची. दाराबाहेर शिलाईचे कपडे बांधलेले गठ्ठे. आत मशीन, आणि भिंतीवर कल्पेशचा फोटो. लग्नातल्या फोटोतून एकट्याचा कापून मोठा केलेला, त्यामुळे खांद्यावर कुणाच्या तरी बांगड्यांचा हात राहून गेला होता.

"ये दादा," यमुना म्हणाली. आग्नेलकडे तिने प्रश्नार्थक पाहिले.

"हे आग्नेल सर. कॉलेजात असतात."

आग्नेलने या वेळी 'मी सर नाही' म्हटले नाही. वही मांडीवर घेतली आणि सांगायला सुरुवात केली: पाइप, उतार, हाताने अडवता आला नसता ते. मग ठोकळा. मग वीस वेळा. तो सांगत असताना यमुना मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. सतरा म्हणताना त्याचा आवाज खाली गेला.

 शेजारच्या खोलीत टीव्हीवर जाहिरात लागली आणि संपली.

"मी ठोकळ्यावर बसलो व्हतो, यमे," बळीराम म्हणाला. "उठून बाजूला झालो. बस."

"मला म्हाईत हाय."

बळीरामने वर पाहिले.

"मी आले यार्डात, तवा तुज्या हातात चायचा गिलास व्हता," यमुना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "अर्धा भरलेला. त्याला झाकून ठेवलेला, नि तू गिलास धरून उभा. मला तवाच कळलं, ह्यानं हात मोकळा केलाच नाय."

"तू बोलली नाय कधी."

"तू बोलशील म्हनून थांबले. तेराव्याला वाट बघितली. राखीला बघितली. राखी बांधताना तुजा हात माज्या हातात व्हता, तवा तरी बोलशील." ती फोटोकडे पाहत नव्हती, बळीरामकडेही नाही, मशीनमध्ये अडकलेल्या कापडाकडे पाहत होती. "सात महिने लावलेस. नि सोबत मानूस आनलास."

"चुकलो."

"दिवाळीला येऊ नको," ती म्हणाली. "पुढच्या राखीचं बघू. आता नाय सांगता येत."

बळीरामने मान हलवली. आग्नेलने वही मिटली. आपण इथे असायला नको होते असे त्याला वाटले, आणि आपण नसतो तर हे बोलणे झालेच नसते हेही कळत होते. तो उठला. काहीतरी म्हणावे म्हणून म्हणाला, "बाई, तो खरंच सावकाश येत होता. भल्याभल्यांना कळलं नसतं."

"असंल," यमुना म्हणाली. "तुमी हिशोब केलात, ते बरं केलंत, सर. बाकी समदे देवाचं नाव घेतात."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. चाळीच्या तोंडाशी असलेल्या नळाला पाणी आले होते. दोन दिवसांनी आले होते आणि तासाभरात जाणार होते. बायका हंडे, बादल्या घेऊन धावल्या. यमुना उठली, मोरीतून दोन रिकामे हंडे काढून दारात ठेवले आणि डबे घ्यायला पुन्हा आत वळली.

बळीरामने वाकून दोन्ही हंडे उचलले.

ती बाहेर आली. हंडे जागेवर नव्हते, भावाच्या हातात होते. ती काही क्षण त्याच्याकडे पाहत राहिली. नको म्हणाली नाही, ने असेही म्हणाली नाही. आत जाऊन मशीनवर बसली. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

आग्नेल चाळीतून बाहेर पडला. वही काखेत होती. रस्त्यावर येऊन त्याने रिक्षाला हात केला आणि बसण्याआधी एकदा मागे पाहिले. नळावरच्या रांगेत सगळ्या बायकाच होत्या, आणि त्यांच्यामध्ये निळ्या शर्टातला बळीराम, दोन्ही हातांत एकेक हंडा, खाली मान घालून उभा. कोणी त्याला पुढे जाऊ दिले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते. त्याच्या पुढे अजून चौघी होत्या.